काँक्रीटच्या पोटातील गंज

पावसाळा सुरू झाला की कोकणातील घरोघरी एक अनुभव हटकून येतो. पडवीत टेकवून ठेवलेला कोयता, अंगणात विसरलेली पहार, फाटकाची कडी ही सारी चार-आठ दिवसांत तांबूस दिसू लागतात. त्यांवरून बोट फिरवले तर बोटाला तांबडी भुकटी लागते. शेतकरी लगेच कोयत्याला तेलाचा हात देतो, फाटकाला रंग लावतो. गंज हा लोखंडाचा जुना वैरी आहे व त्याची चाहूल वेळीच लागली तर त्यावरचा इलाज सोपा असतो, हे त्याला पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने ठाऊक असते.

डोळ्यांना दिसणारा वैरी तितकासा भयंकर नसतो. खरे भय असते ते दृष्टीआड राहून घाव घालणाऱ्याचे. आज माणसाने वापरलेल्या पोलादाचा फार मोठा भाग असा दृष्टीआड आहे. पूल, धरणांचे दरवाजे तोलणारे खांब, पाण्याच्या उंच टाक्या, शाळा, रुग्णालये व मोठमोठ्या इमारती यांच्या काँक्रीटमध्ये पोलादाच्या सळ्या व तारा दडलेल्या असतात. त्या गंजू लागल्या तर त्यांना तेलाचा हात कोण देणार? मुळात त्या गंजत आहेत हे कळणार तरी कसे? या प्रश्नाचे उत्तर शोधताना शास्त्रज्ञांना एका अगदी जुन्या सोबत्याचे साहाय्य झाले आहे. तो सोबती म्हणजे लोहचुंबक.

काँक्रीट हा एक प्रकारचा कृत्रिम दगडच होय. सिमेंट, वाळू, खडी व पाणी यांच्या मिश्रणातून तो तयार होतो. दगडाप्रमाणेच त्याला दाब उत्तम सहन होतो. परंतु ताण मात्र सोसवत नाही. दोन टोकांवर टेकवलेल्या तुळईवर भार पडला म्हणजे तिची वरची बाजू दाबली जाते व खालची बाजू ताणली जाते. नुसत्या काँक्रीटची तुळई अशा वेळी खालून तडकते व मोडते. पोलादाला ताण उत्तम सहन होतो. तेव्हा तुळईच्या खालच्या भागात पोलादाच्या सळ्या घातल्या तर दाब काँक्रीटने व ताण पोलादाने सोसावा, अशी कामाची वाटणी होते. झोझेफ मोनिए नावाच्या फ्रेंच माळ्याने झाडांच्या कुंड्या टिकाऊ व्हाव्यात म्हणून सिमेंटमध्ये लोखंडी जाळी बसवली व १८६७ साली त्या युक्तीचे एकस्व मिळवले. कुंडीपासून निघालेली ही कल्पना पुढे पुलांपर्यंत व गगनचुंबी इमारतींपर्यंत जाऊन पोहोचली.

काँक्रीट व पोलाद यांचा हा संसार सुखाचा होण्यास निसर्गाचीही अनुकूलता आहे. उन्हाने तापल्यावर दोन्ही पदार्थ जवळजवळ सारख्याच प्रमाणात प्रसरण पावतात. म्हणून ते एकमेकांपासून सुटत नाहीत. शिवाय काँक्रीट पोलादाचे रक्षणही करते. ताज्या काँक्रीटमध्ये चुन्यासारखी अल्कधर्मी द्रव्ये विपुल असतात. त्यांच्या सान्निध्यात पोलादाच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा एक अत्यंत पातळ थर तयार होतो. हा थर डोळ्यांना दिसत नाही. परंतु तो शाबूत असेपर्यंत सळई गंजत नाही. उघड्यावर चार दिवसांत तांबूस होणारी सळई काँक्रीटमध्ये वर्षानुवर्षे निर्धास्त राहते ती या अदृश्य कवचामुळे.

हे कवच दोन शत्रूंपुढे मात्र हतबल होते. त्यांपैकी पहिला शत्रू हवेतील कार्बन डायऑक्साइड हा होय. तो काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांतून हळूहळू आत शिरतो, तेथील चुन्याशी संयोग पावतो व काँक्रीटचा अल्कधर्म नाहीसा करतो. दुसरा शत्रू म्हणजे मीठ. समुद्रावरून येणारा खारा वारा, भरतीचे पाणी, आणि थंड देशांत रस्त्यावरचे बर्फ वितळवण्यासाठी टाकलेले मीठ यांतील क्लोराइड पाण्याबरोबर आत झिरपते व कवचाला ठिकठिकाणी भोके पाडते. कवच फुटले आणि पाणी व प्राणवायू यांची साथ मिळाली की गंज चढू लागतो. गंज हा मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो. फुगणाऱ्या गंजाचा रेटा काँक्रीटला आतून बसतो, भेगा पडतात, खपल्या सुटतात व उघड्या पडलेल्या सळईवर पाणी आणखीच सहज पोहोचते.

साध्या सळ्या गंजल्या तर निदान भेगा व तांबडे ओघळ अशी पूर्वसूचना बहुधा मिळते. परंतु काँक्रीटचा आणखी एक प्रकार आहे, त्यात संकट अधिक गुप्तपणे वाढते. फ्रेंच अभियंता युजेन फ्रेसिने याने १९२८ साली एका नव्या रीतीचे एकस्व घेतले. त्याने अतिशय बळकट पोलादी तारा जोराने ताणून काँक्रीटमध्ये अडकवल्या. ताणलेल्या तारा पूर्ववत आखूड होऊ पाहतात व त्यामुळे सभोवतालचे काँक्रीट सतत आवळलेले राहते. बैलगाडीच्या चाकावर तापवलेली लोखंडी धाव चढवली म्हणजे थंड होताना ती आकसते व चाकाचे लाकडी भाग घट्ट आवळून धरते. त्यातलाच हा प्रकार. या रीतीने लांब पल्ल्याचे, सडपातळ व डौलदार पूल थोड्या साहित्यात बांधणे शक्य झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर अशा पुलांचा जगभर प्रसार झाला.

अशा पुलाचे सारे बळ त्या ताणलेल्या तारांत असते. त्या साध्या सळईहून सुमारे तीन-चार पट बळकट असतात. पण त्यांची जाडी काही मिलिमीटरांचीच असते. जाड सळईवर थोडा गंज चढला तर फारसे बिघडत नाही. बारीक तारेवर तेवढ्याच गंजाने मोठा घाला पडतो. शिवाय तार नेहमीच पूर्ण ताणात असल्यामुळे गंजाने पडलेल्या बारीकशा खाचेतून चीर वाढत जाऊन ती एकाएकी तुटते. पुष्कळ पुलांत या तारांच्या जुड्या पत्र्याच्या नळीतून ओवलेल्या असतात व नळीत सिमेंटचे पातळ मिश्रण भरलेले असते. हे मिश्रण नीट न भरल्यास नळीत पोकळ्या राहतात, त्यांत पाणी साचते व गंजाला निवांत आसरा मिळतो. एखादी तार तुटली तरी काही अंतरावर सिमेंट तिला पुन्हा घट्ट पकडून धरते. म्हणून पूल लगेच वाकत नाही, बाहेर भेग दिसत नाही व वाहतूक नेहमीप्रमाणे चालू राहते. आत मात्र एकामागून एक तार तुटत असते.

या गुप्त संकटाची जाणीव जगाला कटू अनुभवांनी झाली. वेल्समधील इनिस-ई-ग्वास येथील लहानसा पूल १९५३ साली बांधलेला होता. ४ डिसेंबर १९८५ रोजी तो कोणतीही पूर्वसूचना न देता कोसळला. सुदैवाने त्या वेळी पुलावर कोणी नव्हते. त्यानंतर अवघ्या सात महिन्यांनी, ५ जुलै १९८६ रोजी, गोव्यात पणजी येथे मांडवी नदीवरील पूल कोसळला. त्यालाही पुरती दोन तपे झालेली नव्हती. समुद्राजवळची खारी, दमट हवा व ताणलेल्या तारांना लागलेला गंज हे त्याच्या नाशाचे मुख्य कारण ठरले. ज्या पुलावरून लोक सहज ये-जा करीत होते, तो नाहीसा होताच त्यांना पुन्हा फेरीबोटींचा आश्रय घ्यावा लागला. पूल ही किती मोलाची वस्तू आहे हे तो पडल्यावरच उमगते!

तेव्हा काँक्रीटच्या पोटात पाहण्याची काही तरी सोय हवी, हे उघड झाले. अनुभवी कारागीर हातोडीने ठोकून काँक्रीट पोकळ वाजते का ते ऐकतो. परंतु त्यावरून वरच्या खपलीपुरतेच समजते. काँक्रीट फोडून पाहावे तर तपासणीच इजा करू लागते; शिवाय एक ठिकाण फोडले तर शेजारचे ठिकाण अज्ञातच राहते. क्ष-किरणांनी आतील चित्र मिळू शकते. पण ती रीत खर्चाची, सावकाशीची व माणसांना अपाय होऊ नये म्हणून पुष्कळ खबरदारी घेण्याची आहे. रडारच्या लहरी काँक्रीटमधून जातात. मात्र पत्र्याच्या नळीवर आदळून त्या परत फिरतात व नळीच्या आतील तारांची स्थिती सांगू शकत नाहीत. चुंबकत्वाची गोष्ट वेगळी आहे. काँक्रीट हे चुंबकत्वाच्या दृष्टीने जवळजवळ हवेसारखेच असते. ते चुंबकीय बलरेषांना अडवीत नाही. पातळ पत्र्याची नळीही प्रबळ चुंबकत्वाला फार काळ थोपवू शकत नाही. आतील पोलाद मात्र चुंबकाला उत्कटतेने प्रतिसाद देते.

या पद्धतीचे मर्म एका साध्या प्रयोगाने समजते. शिवणाची एक लांब सुई घ्यावी व लोहचुंबकाच्या एकाच ध्रुवाने ती एकाच दिशेने वीस-पंचवीस वेळा घासावी. सुईचा चुंबक होतो. ती लोखंडाच्या किसात बुडवली तर कीस तिच्या दोन टोकांना चिकटतो. मध्यभागी जवळजवळ मुळीच चिकटत नाही. कारण चुंबकाच्या बलरेषा मधल्या भागात पोलादाच्या आतूनच धावतात. त्या बाहेर पडतात व परत शिरतात त्या टोकांशी. आता ती सुई पकडीने मधोमध मोडावी व दोन्ही तुकडे पुन्हा किसात बुडवावेत. पूर्वी जेथे कीस चिकटत नव्हता, त्या मोडलेल्या टोकांनाही आता कीसाचे झुबके लागलेले दिसतात. एका तुकड्याच्या मोडलेल्या टोकाशी उत्तर ध्रुव व दुसऱ्याच्या मोडलेल्या टोकाशी दक्षिण ध्रुव नव्याने प्रकट झालेला असतो. म्हणजे जेथे पोलाद तुटते, तेथे चुंबकत्व बाहेर सांडते.

हे सांडलेले चुंबकत्व हीच तुटलेल्या तारेची हाक होय. ही हाक ऐकण्याची कल्पना तशी जुनी आहे. १८६८ साली इंग्लंडमध्ये सॅक्सबी याने चुंबकित केलेल्या लोखंडाजवळून होकायंत्र नेऊन, सुई कोठे बिचकते ते पाहून आतील दोष हुडकले होते. होकायंत्राच्या सुईची जागा आता अतिशय तरल अशा संवेदकांनी घेतली आहे. त्यांपैकी एका जातीच्या मुळाशी एडविन हॉल या अमेरिकन संशोधकाने १८७९ साली लावलेला शोध आहे. विजेचा प्रवाह वाहत असलेली पातळ पट्टी चुंबकीय क्षेत्रात धरली, तर पट्टीच्या दोन बाजूंमध्ये किंचित विद्युद्दाब उत्पन्न होतो, असे त्याला आढळले. तो दाब मोजला की चुंबकीय क्षेत्र किती प्रबळ आहे ते कळते. या तत्त्वावरील संवेदक तांदळाच्या दाण्याएवढ्या आकाराचेही करता येतात.

आता प्रत्यक्ष पुलावर हे काम कसे चालते ते पाहण्यासारखे आहे. प्रथम पुलाचे जुने आराखडे काढून तारा कोठून गेल्या आहेत ते ठरवतात. नंतर सळईशोधक नावाचे लहानसे यंत्र काँक्रीटवरून फिरवतात. त्यातील वेटोळ्यात उलटसुलट वाहणारा विजेचा प्रवाह असतो. जवळ पोलाद आले की वेटोळ्याच्या चुंबकीय क्षेत्रात फरक पडतो व यंत्र सूचना देते. त्यामुळे सळई कोठे व किती खोल आहे हे समजते. ती निरोगी आहे की रोगी हे मात्र समजत नाही. त्यासाठी पुढची पायरी आवश्यक असते. एक शक्तिशाली चुंबक तारेच्या मार्गावरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश नेतात. सुईवर चुंबक घासावा तसेच हे असते. फरक एवढाच की येथे मध्ये काँक्रीटचा थर असतो. अशा रीतीने आतील तार लांबीच्या दिशेने चुंबकित झाली की संवेदकांची रांग बसवलेली गाडी त्याच मार्गावरून चालवतात व पावलापावलाला चुंबकीय क्षेत्र नोंदवतात.

तार अखंड असेल तर नोंदीची रेषा संथपणे जाते. तार तुटलेली असेल तर त्या जागी रेषा प्रथम एका बाजूस उसळते, तुटीच्या बरोबर वर शून्यावर येते व लगेच विरुद्ध बाजूस झेपावते. एका तुटक्या टोकाशी उत्तर व दुसऱ्याशी दक्षिण ध्रुव असल्याचीच ती खूण असते. वैद्य नाडीवर बोट ठेवून देहातील बिघाड ओळखतो, त्याप्रमाणे या रेषेच्या चढउतारांवरून अभियंता पुलाच्या पोटातील घाव ओळखतो. जर्मनीत बर्लिन येथील तांत्रिक विद्यापीठात या पद्धतीचा विशेष विकास झाला असून तेथे पूल व इमारतींच्या छतांतील ताणलेल्या तारा तपासण्यासाठी ती वापरली गेली आहे.

नाडीपरीक्षेला जसा जाणकार लागतो, तसाच या परीक्षेलाही लागतो. काँक्रीटमध्ये केवळ ताणलेल्या तारा नसतात. त्यांना आडव्या जाणाऱ्या साध्या सळ्या व कड्याही असतात. त्याही चुंबकित होतात व रेषेत आपापले उंचवटे उमटवतात. गजबजलेल्या बाजारात एखाद्याची हाक ऐकू यावी, तशी या गोंगाटातून तुटलेल्या तारेची खूण वेगळी काढावी लागते. आडव्या सळ्या बहुधा ठराविक अंतराने असतात व सळईशोधकाने त्यांच्या जागा आधी टिपलेल्या असतात. तसेच निरनिराळ्या बळाने पुन्हा पुन्हा चुंबकित करून घेतलेल्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहतात. तारा जसजशा खोल असतील तसतशी खूण झपाट्याने क्षीण होते. जुडीतील अनेक तारांपैकी एखादीच तुटली असेल तर शेजारच्या अखंड तारा तिच्या बलरेषा आपल्यातून वाहून नेतात व बाहेर फारच थोडे चुंबकत्व सांडते. म्हणून संशयाच्या जागी काँक्रीट थोडेसे उघडून डोळ्यांनी खात्री करून घेतात. चुंबक सर्वत्र फोडण्याची गरज टाळतो. नेमके कोठे उघडावे ते तो सांगतो.

तार तुटण्यापूर्वीच, ती गंजून बारीक होत असताना रोग ओळखता येईल काय? या दिशेनेही प्रयत्न चालू आहेत. लोखंड चुंबकाकडे प्रबळतेने ओढले जाते. परंतु त्याचा सामान्य तांबडा गंज चुंबकाला अगदी अल्प प्रतिसाद देतो. म्हणजे दहा भाग लोखंडापैकी दोन भागांचा गंज झाला, तर चुंबकाच्या दृष्टीने तेवढे लोखंड जणू नाहीसेच होते व सळईतून वाहणाऱ्या बलरेषा त्या प्रमाणात घटतात. ही घट मोजली की सळई किती झिजली याचा अंदाज बांधता येतो. दुसरीकडे, गंजातील काही लोहसंयुगांच्या अंतर्गत चुंबकीय रचनेचाच उपयोग करून घेण्याचे संशोधन अमेरिकेतील राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेत झाले आहे. ही संयुगे विशिष्ट कंपनसंख्येच्या विद्युच्चुंबकीय लहरी शोषून घेतात. लहर काँक्रीटमध्ये पाठवून कोणती कंपनसंख्या शोषली गेली ते पाहिले, तर गंजाचा आरंभच ओळखता यावा, अशी त्यामागील कल्पना आहे.

एवढा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न कोणाच्या मनात येईल. त्याचे उत्तर इटलीतील जेनोवा शहराने फार मोठी किंमत देऊन दिले आहे. तेथील मोरांदी पूल १९६७ साली खुला झाला होता. त्याला तोलून धरणारे पोलादी ताण काँक्रीटच्या आवरणात बंदिस्त होते. त्यामुळे त्यांची खरी स्थिती बाहेरून दिसत नव्हती. १४ ऑगस्ट २०१८ रोजी, भर पावसात व भर रहदारीत, पुलाचा एक भाग खाली आला व ४३ माणसे प्राणास मुकली. जर्मनीतील ड्रेस्डेन शहरातील कारोला पुलाचा एक भाग ११ सप्टेंबर २०२४ रोजी पहाटेच्या सुमारास एल्ब नदीत कोसळला. त्या पुलावरून ट्राम धावत असत. केवळ ती वेळ रात्रीची होती म्हणून कोणाला इजा झाली नाही. तेथेही ताणलेल्या तारांतील चिरा हेच कारण आढळले. एका शहरात दैव प्रतिकूल होते, दुसऱ्यात अनुकूल; परंतु माणसांचे प्राण दैवाच्या हवाली करणे हे शास्त्राला शोभत नाही.

याची दुसरी बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. नुसत्या संशयावरून प्रत्येक जुना पूल बंद करावा म्हटले तर तेही परवडणारे नाही. पूल बंद झाला म्हणजे रुग्णाला रुग्णालयात पोहोचण्यास उशीर होतो, मुलांची शाळा दूर पडते, शेतकऱ्याचा माल वेळेवर बाजारात जात नाही. म्हणून कोणता पूल अजून सुदृढ आहे, कोणत्याची डागडुजी पुरेशी आहे व कोणता पाडलाच पाहिजे, हे निश्चित ज्ञानाच्या आधारे ठरवावे लागते. काँक्रीटवरून सावकाश फिरणारी ती लहानशी गाडी व कागदावर उमटणारी ती चढउताराची रेषा यांचे मोल यासाठीच आहे. तिच्यावर विसंबून कोणी तरी उद्या सकाळी वाहतूक सुरू ठेवायची की थांबवायची, याचा निर्णय घेणार असतो.

पूल बांधून झाला की त्याचा थाटाने उद्घाटन-समारंभ होतो, हारतुरे होतात. पुलाची तपासणी करणाऱ्याच्या गळ्यात मात्र कोणी हार घालीत नाही. त्याचे काम यशस्वी झाले म्हणजे काहीच घडत नाही. पूल उभा असतो, गाड्या चालू असतात, माणसे सुखरूप घरी पोहोचतात. तथापि हे काहीही न घडणे हेच त्याच्या दक्षतेचे फळ होय. कोयत्याला वेळीच तेलाचा हात देणारा शेतकरी आणि पुलाच्या पोटातील तारेची हाक चुंबकाने ऐकणारा अभियंता हे दोघे एकाच व्रताचे पालन करीत असतात. जे उभारले त्याची निगा राखणे, हे ते व्रत होय. आणि उभारण्याइतकीच थोरवी त्यातही आहे.